बुटासकट जावई

ही गोष्ट डोंगरसिंग लिहिणारच नव्हता. बुटाची काय गोष्ट लिहायची, असं त्याला वाटे. आणि यात फजिती तर त्याचीच जास्त. पण झालं असं की तांड्यात जो तो आपल्या मनानं ती सांगत सुटला. कोणाच्या सांगण्यात बुटाच्या दोन जोड्या, तर कोणाच्या सांगण्यात अख्खी पलटण. शेवटी त्यानं म्हटलं, चला, खरं काय झालं ते एकदा कागदावर येऊ द्या.

तर डोंगरसिंग राठोड हा दिग्रसजवळच्या एका तांड्यातला. बापाची शेती होती, पण भाऊ वाढले आणि जमीन वाढली नाही. म्हणून तो वणीकडं, राजूरच्या कोळशाच्या खाणीत लागला. भरलेले टब रुळावरून ढकलायचं काम. लागल्या लागल्याच एक टब त्याच्या अंगठ्यावरून गेला. नख गेलं, अंगठा राह्यला. त्याच रविवारी तो लंगडत वणीच्या बाजारात गेला आणि मिलिटरीचा जुना माल विकणाऱ्याकडून बूट घेऊन आला.

काळे, जाड चामड्याचे, घोट्याच्या वर चढणारे, समोरून नाडीनं आवळायचे. तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल. सुरुवातीला असे कडक की पायात पाटा-वरवंटा बांधल्यासारखं वाटे. रोज जवसाचं तेल चोळून चोळून त्यानं ते मऊ केले. मग एक दिवस ते पायाला असे बसले, असे बसले, की काढावेसेच वाटेनात.

खाणीतले बाकीचे लोक बूट खाणीपुरते घालायचे. वर आले की बूट कोपऱ्यात, पायात टायरच्या चपला. डोंगरसिंगचं तसं नव्हतं. बाजाराला बूट, सिनेमाला बूट, चहाच्या हॉटेलात बूट. पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं आणि खाली हे काळे बूट! लोक वळून पाहत. पाहू द्या. त्याला कळून चुकलं होतं की हे पायात असले की आपण जरा सरळ चालतो, आणि सरळ चालणाऱ्याला लोक रस्ता देतात.

सुटीत घरी आला तेव्हा त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, ते बूट हातात घेऊन उलटेपालटे केले. तिचं नाव भुरीबाई. तांड्यात तिच्यासारखी सुई कोणाची चालत नसे.

"एवढं चांगलं चामडं अन् असली मेल्यावाणी नाडी?" असं म्हणून तिनं ती नाडी ओढून चुलीत टाकली. लाल-पिवळ्या लोकरीची पेडाची नाडी वळली. टोकाला कवड्या अन् गोंडे. आपल्या स्वतःच्या काचोळीला, बंजारा चोळीला, लावते तसेच.

दिग्रसच्या बाजारात जिनिंगवरचे पोट्टे ते पाहून हसले.

"अबे, लोक पोळ्याले बैल सजवतेत, यानं पाय सजवले!"

"पाह्य ना मंग," डोंगरसिंग म्हणाला. "बैल पाह्याले गर्दी होतेच."

पुढच्या सुटीत त्यातल्याच दोघांनी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, वणीत हे कोणत्या दुकानात भेटते म्हणून.

त्याचा एक दोस्त होता, कमलाकर. दिग्रसच्या कचेरीतले कारकून मधुसूदनराव, त्यांचा मुलगा. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. चौथीपर्यंत दोघं एका बाकावर बसले, पुढं डोंगरसिंगची शाळा सुटली पण कमलाकर सुटला नाही. त्यालाही बूट हवे होते, पण विकत घ्यायची छाती नव्हती. डोंगरसिंगनं एक जोड त्याला आणून दिला. घरच्यांना कमलाकरनं सांगितलं, पाय मुरगळलाय, डॉक्टरनं घोट्याला आधार सांगितलाय.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग सगाईची गोष्ट निघाली.

पोरगी बसंती. दारव्ह्याजवळच्या तांड्यातली. बाप लहानपणीच गेला, आजोबानं वाढवली. आजोबा म्हणजे धावजी, त्या तांड्याचा नायक. डोंगरसिंगनं बसंतीला दारव्ह्याच्या बाजारात पाह्यलं होतं. एका बांगडीवाल्याला ती असं काही झापत होती की बाजूचे दोन दुकानदार आपलं गिऱ्हाईक सोडून ऐकत उभे होते. तेव्हाच त्यानं मनात म्हटलं, हीच.

सगाईचा दिवस ठरला तशी भुरीबाई त्याच्याजवळ येऊन बसली.

"डोंगऱ्या, धावजी नायकापुढं हे बूट घालून जाऊ नको."

"काहून?"

"त्याले बुटाची चीड हाय. मागच्या साली त्याईच्या तांड्यात लगन होतं. वऱ्हाड बसेल होतं. जंगलाचा गार्ड आला, बुटासकट मांडवात घुसला, अन् बल्ल्या चोरीच्या हाय म्हणून मांडव उपटून घेऊन गेला. नवरी तशीच उन्हात उभी. तवापासून म्हातारा म्हणते, बूटवाल्याचं तोंड नाई पाह्यचं. सगाई मोडन तो."

डोंगरसिंगनं बुटाची नाडी आवळली. बसंती त्याला पाह्यजेच होती. पण बूट लपवून सगाई करायची म्हणजे ती दुसऱ्याच कोणाची सगाई झाली.

"याडी, मी जसा हाय तसाच जाईन. आज लपवले अन् लगनानंतर दाखवले, तर तो म्हणन फसवलं."

"मंग बस बिनलग्नाचा, बूट छातीशी धरून!" म्हणत ती उठून गेली.

आता इथं दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक म्हणजे, गोर लोकांत, बंजाऱ्यांना आपसात गोर म्हणतात, सगाई होते ती गुळावर. पोरीकडच्या नायकानं आपल्या हातानं लोकांसमोर गूळ दिला आणि पोरानं खाल्ला, की झालं. मग माघार नाही. दुसरी म्हणजे, जावई पहिल्यांदा आला की सासरवाडीचे त्याची मस्करी करतात. ओळख दाखवत नाहीत, कोणता चोर आला म्हणतात, पाण्यात मीठ घालून देतात. जो चिडला किंवा हसला तो हरला. पुढची सगळी गडबड या दोन गोष्टींमुळं झाली.

महाराष्ट्र होऊन वर्ष होत आलं होतं. उन्हाळ्याचं तोंड होतं. ठरलं असं की बाप किसनसिंग आणि तांड्यातली मंडळी बैलगाड्यांनी येतील आणि डोंगरसिंग राजूरहून एस.टी.नं दारव्ह्याला उतरेल. कमलाकर त्याला तिथं भेटला. दोघांच्या पायात बूट. डोंगरसिंगनं खाणीतली खाकी पॅन्ट चढवली होती, कारण वाटेत धुळीनं धोतराचा सत्यानाश झाला असता. पागोटं पिशवीत, तांड्याच्या जवळ गेल्यावर बांधायचं म्हणून. नाडीच्या कवड्या पॅन्टीच्या पायाखाली झाकलेल्या.

आता हे तुम्हीच डोळ्यापुढं आणून पाहा. खाकीतला धिप्पाड माणूस, बाजूला चष्मेवाला, काखेत बॅग मारलेला. दोघं ताठ, पाऊल मिळवून चालतायत. खालचा मुरूम उन्हानं टणक झालेला, त्याच्यावर नाल वाजतायत. खाट, खाट, खाट, खाट.

"डोंगऱ्या, मला टाच चावतेय रे," कमलाकर म्हणाला.

"चावू दे. ताठ चाल. सासरवाडी हाय माही."

तांड्यात काय झालं ते डोंगरसिंगला नंतर कळलं. तिथं सगाईसाठी मांडव घातला होता. बल्ल्या, म्हणजे मांडवाचे लाकडी खांब, जंगलातल्याच, दुसरीकडून कुठून आणणार? लग्नकार्याला चार बल्ल्या आणायची रीत तांड्याच्या आजोबा-पणजोबापासूनची. तर टेकाडाच्या मागून नालांचा आवाज आला. एक पोरगं चढून पाहून आलं आणि ओरडलं, "दोघं हाय! एक खाकी, एक चष्मा!"

झालं. अख्खा तांडा तुटून पडला. बल्ल्या उपटल्या, कडब्याखाली घातल्या. जांभळीचे हिरवे डहाळे बकऱ्यांपुढं फेकले. खड्ड्यांवर शेणाच्या पाट्या पालथ्या केल्या. डोंगरसिंग पोचला तेव्हा मोकळ्या मैदानात धावजी नायक एकटाच खाटेवर बसून चिलीम ओढत होता, आणि आजूबाजूच्या बकऱ्या मांडव खात होत्या.

घाईत डोंगरसिंगचं पागोटं बांधायचं राहूनच गेलं होतं.

"या साहेब," म्हातारा उठून उभा राह्यला. हात जोडलेले. "लय दुरून आले."

डोंगरसिंग कमलाकरच्या कानाशी लागला, "मस्करी सुरू झाली. हसू नको बरं."

मग छाती काढून म्हणाला, "हाव, दुरूनच आलो. मांडव कुठी हाय?"

"कोणता मांडव, साहेब?"

"आज अथी मांडव हाय, हे मले पक्कं मालूम हाय."

म्हाताऱ्यानं पागोट्याच्या शेवानं घाम पुसला. डोंगरसिंग मनात म्हणाला, काय नाटक करते हा, बाप्पा! याले तर नाटक कंपनीत घ्याले पाह्यजे.

"त्या कडब्याखाली काय हाय?"

"कडबा, साहेब."

"अन् त्या कडब्याखाली?"

"त्याच्याखाली बी कडबाच."

एका बल्लीचं टोक हातभर बाहेर आलं होतं. डोंगरसिंगनं ते पाह्यलं, म्हाताऱ्यानं त्याला पाहताना पाह्यलं. एवढ्यात कमलाकरनं नारळ फुटला तर नाही ना, हे बघायला बॅग उघडली. मागच्या झोपडीतून बायकांचा आवाज आला, "पावती काढून राह्यला वो, दंडाची पावती!"

म्हातारा घाईघाईनं आत गेला आणि पितळी घेऊन आला. पितळीत गूळ.

"साहेब, तोंड गोड करा. लेकीबाळीचं काम हाय. जाऊ द्या आता."

डोंगरसिंगला जरा नवल वाटलं. बाप अजून आला नाही, पंच बसले नाहीत, आणि गूळ इतक्यात? पण नायकानं आपल्या हातानं दिलेल्या गुळाला नाही कसं म्हणायचं? त्यानं दोन्ही हात पुढं केले, गूळ घेतला आणि खाल्ला. आता मस्करीला शेवटचा हात मारावा म्हणून मिशीवरून बोट फिरवत तो म्हणाला,

"गूळ तर झाला. आता ज्या पोरीसाठी मांडव घातलता, तिले बोलवा बाहेर."

म्हाताऱ्याच्या हातातली पितळी खाली पडली.

तो वाकलेला होता, सरळ झाला. खाटेखालची काठी कधी त्याच्या हातात आली ते दिसलंच नाही. कडब्यामागून माणसं निघाली, दोघांच्या हातात कुऱ्हाडी.

"बल्ल्या ने," धावजी म्हणाला. आवाज अगदी बारीक. "बकऱ्या ने. पोरीचं नाव काढलं तर इथंच गाडीन तुले. साहेब असशीन तुह्या आफिसात."

डोंगरसिंगनं कुऱ्हाडी पाह्यल्या. ही मस्करी नव्हती. त्याचं तोंड उघडेना. उघडलं ते कमलाकरचं. दोन्ही हात वर करून तो ओरडला,

"अहो नायक! हा जावई आहे तुमचा! किसनसिंगचा डोंगरसिंग! आणि मी साहेब नाही हो, मी कारकूनसुद्धा नाही, मी कोणीच नाही!"

एक बकरी तेवढी चघळत होती.

धावजीची बायको हंसाबाई पुढं आली. तिनं वाकून डोंगरसिंगच्या पॅन्टीचा पाय वर उचलला. लाल-पिवळी नाडी, गोंडे, कवड्या.

"फारेस्टवाले कधीपासून बुटाले कवड्या लावाले लागले?" ती म्हणाली. "हा तर गोर बाईचा हात हाय."

"माह्या याडीचा, दादी," डोंगरसिंग कसाबसा बोलला.

"पेड चांगला घातला तिनं," हंसाबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग एक बाई हसली, मग दुसरी, मग कुऱ्हाडवालेही. कमलाकर तर हसता हसता खाटेवरच बसला, पाय धरून.

पण धावजी हसला नाही.

"मी हात जोडले," तो म्हणाला. "माह्या नातजावयापुढं. सगळ्या तांड्यादेखत. कायच्यापायी? या बुटापायी." त्यानं काठीनं तांड्याखालचा नाला दाखवला. "ते बूट काढ, त्या नाल्यात फेकून ये. मंग सगाईचं पाहू. नाईतर आला तसा चालता हो."

तांड्याचा कारभारी फुलचंद, पंचायतीत सगळ्यांत हुशार माणूस, तो मध्ये पडला. "नायक, आता कायचं पाह्यता? गूळ तर त्यानं खाल्ला. तुमी तुमच्या हातानं देला, आमी सगळ्यांनी पाह्यला. झाली सगाई! आता बूट असो का नसो."

बरोबर होतं. डोंगरसिंगनं नुसती मान हलवली असती तरी बसंतीही त्याची आणि बूटही त्याचे. कमलाकर खाटेवरून त्याला डोळ्यानं खुणावत होता, हो म्हण, हो म्हण.

"नाई, कारभारी," डोंगरसिंग म्हणाला. "तो गूळ मले नाई देला. तो गार्डाले देला, भेवानं. भेवाच्या गुळावर मी सगाई नाई करत. तो मी वापस केला असं समजा."

फुलचंदनं कपाळाला हात लावला.

"पण बूट नाई फेकणार, नायक," डोंगरसिंग पुढं म्हणाला. "खाणीत घाम गाळून घेतले हे. मी चोरून नाई आणले, कोणाचा मांडव मोडून नाई आणले. तुमी आवाज ऐकला अन् मांडव उपटला. काहून? आजपर्यंत अथी बूट वाजवत आला तो दुसराच कोणी आला. आपल्यातला कोणी आलाच नाई. आता मी आलो. माह्या पायाचा आवाज ओळखीचा करून घ्या. एवढंच माहं म्हणणं हाय. नाई पटलं तर मी जातो, पण बूट घालूनच जाईन."

म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा. डोंगरसिंगला वाटलं, गेलं. आता वळावं आणि निघावं.

तेवढ्यात झोपडीच्या दारातून आवाज आला. आत बसंती होती, दिसत नव्हती, पण आवाज बांगडीवाल्याला झापणाराच.

"दादा, गार्डाले गूळ देता आला तुमाले. याले काहून नाई येत?"

"तू गप बस!"

"बसीन ना. पण बुटाचं भेव मले नाई. तुमाले असन तर तसं सांगा सगळ्यांले."

हंसाबाईनं नवऱ्याकडं पाह्यलं. फुलचंद जमिनीकडं पाहू लागला. धावजीनं चिलीम उचलली, ती विझली होती, ती परत ठेवली. मग त्यानं समोरच्या उघड्या मैदानाकडं पाह्यलं.

"मांडव बकऱ्यांनी खाल्ला," तो चिडून म्हणाला. "सगाई करू कायखाली?"

"मी घालतो," डोंगरसिंग म्हणाला.

"जावई मांडव घालते कधी?"

"मोडला कोणाच्या पायानं? याच ना?"

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि कडब्यातून बल्ली ओढून काढली. खड्ड्यात उभी केली, मुरूम लोटला आणि टाचेनं ठोकायला लागला. नालाखाली मुरूम असा दबत गेला की कुदळीच्या दांड्यानंही दबला नसता. लोक आधी नुसते पाहत राह्यले. मग कुऱ्हाडवाले दोघं डहाळे आणायला गेले. कमलाकर बल्ली धरून उभा राह्यला, एकदा इकडं वाकडी, एकदा तिकडं वाकडी, आणि बायका त्याला ओरडत होत्या, "वो चष्मेवाले, सरळ धरा ना बाप्पा!"

अशातच टेकाडावरून गाड्या उतरल्या. किसनसिंग पुढच्या गाडीत, नवं पागोटं, मांडीवर हात. त्यानं पाह्यलं तर आपला नवरदेव घामानं थबथबलेला, सासरच्या अंगणात थयथय नाचल्यासारखा माती ठोकतोय.

"अबे डोंगऱ्या!" तो गाडीतूनच गरजला. "सगाईले आलता का मजुरीले? इज्जत काढली बे!"

डोंगरसिंग काही बोलणार, त्याच्या आधी धावजीच पुढं झाला.

"जरा दम धरा, किसनसिंग," तो म्हणाला. "बसा, पाणी घ्या. पोट्ट्याची टाच चांगली हाय तुमच्या. दोन बल्ल्या राह्यल्या, तेवढ्या होऊ द्या."

दिवस कलायच्या आत मांडव उभा झाला. पंच बसले. सगळ्यांच्या वहाणा मांडवाबाहेर, आणि त्यांच्या रांगेत बुटाचे दोन जोड, कारण बसायचं ते मांडवात. नाडी सोडायला डोंगरसिंगला वेळ लागला, तेवढा वेळ पंच थांबले. धावजीनं पितळीतून गुळाचा खडा उचलला आणि त्याच्या हातावर ठेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता हा तुलेच देऊन राह्यलो. बूटवाल्याले."

यावेळी तो खरंच गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरसिंग आणि कमलाकर पायी दारव्ह्याकडं निघाले. कमलाकरच्या दोन्ही टाचांना चिंध्या बांधलेल्या, पण बूट त्यानं काढले नव्हते. तो पुन्हा पुन्हा मागं वळून तांड्याकडं पाहत होता.

"काय झालं बे, कमल्या?"

"तुला एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "बाबांनी माझा अर्ज जंगल खात्यात केलाय. कारकुनाची जागा. पुढच्या आठवड्यात बोलावलंय. मी खूष होतो रे. पण काल तो म्हातारा माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला ना, तेव्हापासून तेच डोळ्यापुढं आहे. रोज असंच होणार का? तुझ्याच तांड्यात मी कधी कामावर आलो, तर लोक मला पाहून मांडव उपटतील?"

डोंगरसिंग रस्त्यातच थांबला. त्याच्यासाठी सोपं उत्तर होतं, जाऊ नको म्हणून. पण नोकरीचं तोंड कमलाकरनं किती दिवस पाह्यलं नव्हतं, तेही त्याला माहीत होतं.

"जा तू," तो म्हणाला. "तथी आपला एक माणूस बसला तर वाईट काय हाय? पाह्यजेच. अन् आमच्या तांड्यात ये. बल्ल्या मोजाले आला तरी ये, पण चोरपावलानं येऊ नको. बूट वाजवत ये, अख्ख्या तांड्याले ऐकू येऊ दे. मी घरी असलो तर तांड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहीन, अन् नसलो तर बसंती राहीन. तुले पाहून कोणी एक बी बल्ली उपटणार नाई, अन् कोणी तुह्यापुढं हात जोडणार नाई. हे मी तुले बोल देऊन राह्यलो, कमल्या."